रक्तदाबाचे मूळ मूत्रपिंडाच्या रोहिणीत : तपासणी कोणाची आणि कोणती?

उच्च रक्तदाब हा शहरी, बैठ्या जीवनाचा विकार आहे, अशी समजूत एके काळी रूढ होती. ती आता मागे पडली आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील चिखली-मेहकरकडे पाहा, किंवा घाटाखालील मलकापूर-शेगावकडे पाहा. आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यासाठी येणाऱ्यांत शेतकरी आहेत, शेतमजूर आहेत आणि गृहिणीही आहेत. यांपैकी बहुसंख्य रुग्णांच्या रक्तदाबाचे एकच एक कारण सांगता येत नाही. वय, आनुवंशिकता, आहारातील मीठ, वजन, तंबाखू अशा अनेक गोष्टींचा तो एकत्रित परिणाम असतो. थोड्या रुग्णांत मात्र रक्तदाबामागे एक निश्चित आणि शोधून काढता येण्याजोगे कारण असते. मूत्रपिंडाला रक्त पुरविणारी रोहिणी, म्हणजेच शुद्ध रक्ताची वाहिनी, अरुंद होणे हे अशा कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण होय.

सर्वसाधारण रक्तदाबाच्या शंभर रुग्णांत हे कारण एकापासून पाचांपर्यंत आढळते, असे मानले जाते. प्रमाण अल्प असले तरी हे थोडे रुग्ण वेळीच ओळखले गेले, तर काहींचा रक्तदाब जवळजवळ पूर्णपणे बरा होऊ शकतो. उलट ते ओळखले गेले नाहीत, तर मूत्रपिंड हळूहळू आकसते, हृदयावर ताण येतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. मग हे रुग्ण ओळखावयाचे कसे? त्यासाठी सर्वांचीच महागडी चाचणी करावी काय?

दाब वाढतो कसा?

गावच्या नळयोजनेचे उदाहरण घेतले तर ही प्रक्रिया सहज ध्यानात येते. टाकीपासून दूर असलेल्या एका वस्तीकडे जाणारा नळ आतून गंजून अरुंद झाला, की तेथे पाणी कमी दाबाने पोहोचते. वस्तीतील लोक तक्रार करतात आणि नळ दुरुस्त करण्याऐवजी पंपाचा जोर वाढविला जातो. त्या वस्तीला पाणी मिळते. पण जोर वाढल्यामुळे गावातील इतर सर्व नळांवर ताण येतो आणि ते ठिकठिकाणी फुटू लागतात.

मूत्रपिंडाचे नेमके असेच होते. रोहिणी अरुंद झाल्यामुळे त्याला रक्त कमी दाबाने मिळते. संपूर्ण शरीराचाच रक्तदाब घसरला आहे असा त्याचा समज होतो व ते 'रेनिन' नावाचे द्रव्य रक्तात सोडते. रेनिनमुळे 'अँजिओटेन्सिन' तयार होते. हे द्रव्य सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि मीठ व पाणी शरीरात रोखून धरण्यास भाग पाडते. परिणामी सर्वत्र रक्तदाब वाढतो.

रेनिनचा शोध १८९८ साली स्वीडनमधील टिगरश्टेट आणि बेर्गमन यांनी लावला. त्यानंतर १९३४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीला चिमटा लावून ती अरुंद केली व त्यामुळे रक्तदाब वाढतो हे दाखवून दिले. मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचे नाते या प्रयोगाने प्रस्थापित झाले.

अरुंद होण्याची तीन कारणे

पहिले आणि सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे रोहिणीच्या आतील भिंतीवर चरबीयुक्त थर साचणे. साधारणपणे पन्नाशीनंतर, विशेषतः विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही आणि हृदयविकार असलेले यांच्यात ते दिसते. दुसरे कारण रोहिणीच्या भिंतीतील तंतू व स्नायू यांची अनियमित वाढ हे होय. हा विकार मुख्यतः तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. चित्रणात अशी रोहिणी मण्यांच्या माळेसारखी दिसते. तिसरे कारण रोहिणीदाह हे आहे. जपानमधील नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली अशा एका रुग्णाची माहिती मांडल्यामुळे या विकारास त्यांचे नाव मिळाले. महारोहिणी आणि तिच्या शाखांना सूज येऊन त्या अरुंद होतात. हातातील नाडी लागेनाशी होते, म्हणून यास 'नाडीहीन विकार' असेही म्हणतात. भारतासह आशियातील देशांत तरुण रुग्णांच्या बाबतीत या कारणाचा विचार आवर्जून करावा लागतो.

पहिले कारण उतारवयातील आहे, तर उरलेली दोन मुख्यतः तरुण वयातील आहेत. उपचाराने मोठा लाभ होण्याची शक्यता तरुण रुग्णांत अधिक असते. येथेच एक अडचण उभी राहते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गावपातळीवर रक्तदाबाची नियमित तपासणी केली जाते ती तीस वर्षे व त्यावरील व्यक्तींची. ही वयोमर्यादा सर्वसाधारण रक्तदाबाच्या दृष्टीने योग्य आहे. परंतु वीस-पंचवीस वर्षांच्या तरुण-तरुणींचा रक्तदाब त्यामुळे सहसा मोजला जात नाही. गरोदरपणातील तपासणी, एखादी शस्त्रक्रिया किंवा नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणी अशा प्रसंगीच तो प्रथम उघडकीस येतो. अशा वेळी 'घाबरल्यामुळे वाढला असेल' असे म्हणून तो आकडा सोडून देणे घातक ठरू शकते.

सर्वांचीच चाचणी का नको?

प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाचे चित्रण केले म्हणजे कोणी सुटणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. थोडा हिशेब केला की हा मार्ग हितावह नाही हे पटते.

समजा, रक्तदाबाचे १,००० रुग्ण आहेत व त्यांपैकी २० जणांची रोहिणी खरोखर अरुंद आहे. वापरावयाची चाचणी शंभर आजारी व्यक्तींपैकी ९० जणांना अचूक ओळखते आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी १० जणांना चुकून आजारी ठरवते, असेही समजू. मग २० पैकी १८ रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांवरही चुकीचा शिक्का बसेल. म्हणजे 'दोष आहे' असा अहवाल हाती पडलेल्या ११६ जणांपैकी ९८ जणांना तो आजार नसेलच. त्यांना पुढील चाचण्यांचा खर्च, प्रवास, बुडालेली मजुरी आणि मनस्ताप विनाकारण सोसावा लागेल.

आता याच रुग्णांतून काही विशिष्ट लक्षणांच्या आधारे १०० जण आधी निवडले व त्यांत ३० जणांना खरोखर हा विकार आहे, असे समजू. तीच चाचणी आता ३० पैकी २७ जणांना अचूक शोधेल आणि ७० पैकी केवळ ७ जणांना चुकीने आजारी ठरवील. चाचणी तीच, यंत्र तेच. पण अहवालावर विश्वास ठेवण्याची शक्यता कितीतरी वाढली. यास्तव या विकाराची खरी चाळणी यंत्रापाशी सुरू होत नाही. ती रुग्णाच्या विचारपूशीपासून सुरू होते.

पहिली चाळणी गावातच

ही पहिली चाळणी लावण्यासाठी रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप आणि रुग्णाशी बोलण्यास थोडा वेळ एवढेच लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते शक्य आहे.

प्रथम रक्तदाब योग्य रीतीने मोजला जाणे आवश्यक आहे. रुग्णाने पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. त्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, खर्रा किंवा तंबाखू घेऊ नये. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा आणि हाताला गुंडाळावयाचा पट्टा दंडाच्या मापाचा असावा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा. दोन्हींत मोठा फरक आढळला किंवा एका हाताची नाडी क्षीण लागली, तर रोहिणीदाहाचा संशय घेता येतो. तरुण रुग्णाच्या पायांतील नाडीही तपासावी.

पुढील बाबींपैकी एखादी आढळल्यास मूत्रपिंडाच्या रोहिणीकडे लक्ष वळविले पाहिजे :

१. वयाच्या तिशीपूर्वी उच्च रक्तदाब सुरू होणे. विशेषतः घराण्यात कोणास रक्तदाब नसताना.

२. पंचावन्न वर्षांनंतर एकाएकी तीव्र स्वरूपाचा रक्तदाब सुरू होणे, किंवा अनेक वर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब अकस्मात हाताबाहेर जाणे.

३. लघवी वाढविणाऱ्या औषधासह तीन प्रकारची औषधे पुरेशा मात्रेत व नियमित घेऊनही रक्तदाब १४०/९० च्या खाली न येणे.

४. हृदयाचा मोठा दोष नसताना वारंवार एकदम धाप लागून फुप्फुसांत पाणी साचणे.

५. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी गोळी सुरू केल्यानंतर रक्तातील क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून अधिक वाढणे.

६. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटरहून अधिक लहान दिसणे.

७. बेंबीच्या वरच्या बाजूस स्टेथोस्कोप ठेवला असता रक्तप्रवाहाची घरघर ऐकू येणे.

यांपैकी तिसऱ्या बाबीविषयी विशेष सावधगिरी हवी. 'गोळ्यांनी गुण येत नाही' असे सांगणारे अनेक रुग्ण गोळ्या नियमित घेत नसतात. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की केंद्रावरची फेरी चुकते आणि गोळ्या संपतात. काही जण सांधेदुखी वा अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दररोज घेतात. या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडासही अपाय करतात. ताटातील ठेचा, लोणचे आणि पापड यांतील मिठाचाही विचार करावा लागतो. ही कारणे दूर केल्यावरही रक्तदाब उतरत नसेल, तरच पुढील तपासणी युक्त ठरते.

पाचव्या बाबीमुळे गैरसमज होऊ नये. उल्लेखिलेल्या गोळ्या असंख्य रुग्णांना उपकारक आहेत. त्या स्वतःहून कधीही बंद करू नयेत. त्या सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घेणे, एवढीच दक्षता पुरेशी असते. गरोदर स्त्रीला मात्र या गोळ्या देत नाहीत. म्हणून दिवस गेल्याची शंका येताच तिने ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

खारपाणपट्ट्यातील दक्षता

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. भूजलातील क्षारांचे अधिक प्रमाण आणि तेथील मूत्रपिंडाचे विकार हा प्रश्न अनेक वर्षे सार्वजनिक चर्चेत आहे.

येथे दोन गोष्टींत गल्लत होता कामा नये. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार हा बहुधा मूत्रपिंडाच्या अंतर्भागाचा असतो. त्यात सामान्यतः दोन्ही मूत्रपिंडे सारखीच आकसतात. रोहिणी अरुंद होणे हा रक्ताच्या वाटेतील अडथळा होय व तो पुष्कळदा एकाच बाजूस असतो. रक्तदाब मात्र दोन्हींमुळे वाढतो. त्यामुळे या भागातील रुग्णाच्या बाबतीत लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी या तीन साध्या तपासण्या आधी होणे अगत्याचे आहे. त्यावरून पुढची दिशा ठरते. शिवाय मूत्रपिंड आधीच दुबळे असेल, तर चित्रणासाठी शिरेतून देण्यात येणारे द्रव्य अपायकारक ठरू शकते. क्रिएटिनिनचा अहवाल हाती असल्याशिवाय अशा चाचणीस जाऊ नये.

दुसरी चाळणी : डॉपलर

संशय बळावल्यावर सर्वसाधारणपणे प्रथम केली जाणारी चाचणी म्हणजे मूत्रपिंड-रोहिणीची डॉपलर सोनोग्राफी. नदीचे पात्र जेथे अरुंद होते तेथे धार वेगवान होते. रोहिणीतील रक्ताचेही तसेच असते. डॉपलर यंत्र ध्वनिलहरींच्या साहाय्याने हा वेग मोजते. तो सेकंदाला सुमारे २०० सेंटिमीटरपेक्षा अधिक आढळला, किंवा महारोहिणीतील वेगाच्या साडेतीन पटींहून जास्त भरला, तर रोहिणी लक्षणीय अरुंद असल्याचे अनुमान काढतात.

या चाचणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत आणि मूत्रपिंडास अपाय करणारे द्रव्यही नाही. गरोदर स्त्रीचीही ती करता येते. तिच्या मर्यादाही आहेत. पोटात वायू असला किंवा रुग्ण स्थूल असला, तर रोहिणी नीट दिसत नाही. म्हणून रुग्णास सकाळी उपाशीपोटी बोलावतात. चाचणीला वेळ लागतो आणि तिचे यश करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. पोटाची नेहमीची सोनोग्राफी आणि ही डॉपलर तपासणी या वेगवेगळ्या आहेत, हेही लक्षात ठेवावे. 'सोनोग्राफी चांगली आली' एवढ्यावरून रोहिणी निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी : सीटी व एमआर चित्रण

डॉपलरने निर्णय झाला नाही किंवा दोष आढळला, तर सीटी अँजिओग्राफी करतात. त्यात शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन क्ष-किरणांच्या साहाय्याने रोहिणीचे सुस्पष्ट चित्र मिळवितात. मूत्रपिंडाचे कार्य समाधानकारक असणाऱ्यांसाठी ती उपयुक्त आहे. एमआर अँजिओग्राफीत क्ष-किरण नसतात. तीत बहुधा गॅडोलिनियमयुक्त द्रव्य वापरले जाते व मूत्रपिंड फार निकामी झाले असल्यास त्याविषयीही विशेष काळजी घ्यावी लागते. या दोन्ही चाचण्यांत रोहिणीच्या दूरच्या, बारीक शाखांतील दोष कधी कधी निसटू शकतो.

मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी सरकवून केलेली अँजिओग्राफी ही अंतिम निर्णयाची चाचणी मानली जाते. ती चाळणी म्हणून करावयाची नसते. बहुधा त्याच वेळी उपचार करण्याचा विचार असेल तेव्हाच ती करतात.

पूर्वी वापरल्या जाणाऱ्या काही चाचण्या आता मागे पडल्या आहेत. शिरेतून द्रव्य देऊन मिनिटामिनिटाला मूत्रपिंडाची क्ष-किरण छायाचित्रे घेण्याची पद्धत त्यांपैकी एक. कॅप्टोप्रिलची गोळी देऊन किरणोत्सारी द्रव्याने केलेले मूत्रपिंडाचे चित्रण आणि केवळ रक्तातील रेनिनचे मोजमाप यांवरही चाळणी म्हणून विसंबू नये, असा सल्ला अमेरिकेतील हृदय व रक्तवाहिनी तज्ज्ञांच्या संस्थांनी २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिला. डॉपलर, सीटी व एमआर या तीन चाचण्यांचीच त्यांनी शिफारस केली.

दोष सापडल्यावर

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७८ साली फुग्याच्या साहाय्याने मूत्रपिंडाची रोहिणी रुंद करून दाखविली. त्यापूर्वी शस्त्रक्रिया किंवा आजारी मूत्रपिंड काढून टाकणे एवढेच पर्याय होते. या यशानंतर अरुंद दिसलेली प्रत्येक रोहिणी रुंद करण्याकडे कल वाढला. अनुभवाने मात्र वेगळाच धडा दिला. आठशेवर रुग्णांचा 'अ‍ॅस्ट्रल' अभ्यास २००९ साली आणि नऊशेवर रुग्णांचा 'कोरल' अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चरबीच्या थरामुळे रोहिणी अरुंद झालेल्या बहुतेक रुग्णांना केवळ औषधांनी जेवढा लाभ होतो, त्याहून अधिक लाभ जाळीची नळी बसवून होत नाही, असे त्यांत दिसून आले. अशा रुग्णांसाठी रक्तदाबाची योग्य औषधे, कोलेस्टेरॉलवरील गोळी आणि तंबाखूचा पूर्ण त्याग हाच मुख्य उपचार होय. वारंवार फुप्फुसांत पाणी होणे किंवा मूत्रपिंड झपाट्याने निकामी होणे अशा निवडक प्रसंगीच नळी बसविण्याचा विचार करतात.

तंतू व स्नायूंच्या वाढीमुळे रोहिणी अरुंद झालेल्या तरुण स्त्रियांचे चित्र वेगळे आहे. त्यांच्यात फुग्याच्या उपचाराने रक्तदाब पुष्कळ उतरतो आणि काहींच्या गोळ्या कायमच्या बंद होतात. ताकायासू विकारात प्रथम औषधांनी दाह शमवून नंतरच रोहिणी रुंद करण्याचा निर्णय घेतात. म्हणजेच चाचणी कोणाची करावयाची हा प्रश्न, तिच्या अहवालाने उपचारात काही बदल होणार आहे काय, या प्रश्नाशी बांधलेला आहे.

बुलढाण्यातील रुग्णाचा मार्ग

रक्तदाब मोजणे, औषधे आणि प्राथमिक तपासण्या यांसाठी आरोग्य उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र हीच पहिली पायरी होय. तेथील डॉक्टरांना वर सांगितलेल्या सात बाबींपैकी एखादी आढळल्यास ते ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयाकडे, अथवा बुलढाणा येथील जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात. पुढील चित्रण व उपचार यांसाठी घाटाखालील रुग्णांना अकोला जवळ पडते. तेथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूच्या रुग्णांना छत्रपती संभाजीनगर सोयीचे होते. बुलढाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास २०२४ साली मान्यता मिळाली आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'कडे आधी चौकशी करावी.

प्रवासाला निघताना जुन्या चिठ्ठ्या, रक्तदाबाच्या नोंदी, क्रिएटिनिनचे अहवाल आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. अनेकदा याच कागदांतून निदानाचा धागा सापडतो व एखादी चाचणी पुन्हा करण्याचा खर्च वाचतो.

रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाने रोहिणीच्या चित्रणासाठी शहर गाठण्याची आवश्यकता नाही. पण गावातील परिचारिकेने पंचविशीतील गरोदर स्त्रीचा वाढलेला आकडा पाहून तो पुन्हा मोजला, दुसऱ्या हाताची नाडी पाहिली आणि तिला डॉक्टरांकडे पाठविले, तर सर्वांत मोलाची तपासणी तेथेच पार पडली असे समजावे.